पटापर्यंतची वाट

राजापुढचे प्यादे दोन घरे आले, की काळ्याने वजिराकडच्या उंटापुढचे प्यादे दोन घरे सरकवायचे. हा सिसिलियन बचाव. नाव बचावाचे, पण पवित्रा झुंजीचा!

१९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा आक्षेप घेतले गेले. स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, हे जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना सांगावे लागले. दार उघडले, नजरांचे काय? नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी २०२४ मध्ये, अठराव्या वर्षी, नेदरलँड्समधल्या स्पर्धेनंतर जाहीर लिहिले, की प्रेक्षक डाव सोडून तिचे कपडे, केस, उच्चार पाहतात. (पुरुष खेळाडूच्या शर्टाची चर्चा कधी ऐकलीत?) जुलै २०२५ मध्ये तिने महिलांचा विश्वचषक जिंकला.

आपल्या सोलापुरातली मुलगी सिसिलियन पाठ करील. पण पुण्याला स्पर्धा असली की भावाला एस.टी.त बसवून देतात, तिला विचारतात, "सोबत कोण?" विड्या वळणारी आई सोबत गेली तर मजुरी बुडते. म्हणून प्रवासखर्च, मुक्कामाची सोय आणि सोबतीला बाई हे सारे आयोजकांकडे आपणच मागायला हवे, पुढच्या स्पर्धेचे अर्ज निघण्याआधी.