मोबाइल आहे, धडा कुठाय?

बेळगाव, खानापूर, निपाणीतले मराठी शाळांचे गुरुजी-बाई मोबाइल वापरण्यात मागे नाहीत. अडतंय ते पुढे. 2017 मध्ये केंद्राने ‘दीक्षा’ सुरू केलं, क्यूआर कोड आले. पण इथलं मराठी पुस्तक कर्नाटकचं आणि यूट्यूबवरचे बहुतेक मराठी व्हिडिओ बालभारतीवर बेतलेले. गणित एकवेळ भागतं. इतिहास-भूगोलात पुस्तक विचारतंय कर्नाटकचं, व्हिडिओ सांगतोय महाराष्ट्राचं.

सीमेपलीकडे नेमकं उलटं होतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत मुलींची घरची भाषा कन्नड. रणजितसिंह डिसले गुरुजींनी ती शिकून पुस्तकं त्या भाषेत आणली, कोड जोडले, असं 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार देताना वार्की फाउंडेशनने सांगितलं. गाजला तो कोड. भाषेसाठीची मेहनत मागेच राहिली.

आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे ॲप कसं उघडायचं, एवढंच धरून चालतात. त्यापेक्षा धडा तयार करायला शिकवा. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा, असं घटनेचं कलम 350-अ राज्यांना सांगतं. ती सोय पुस्तकापाशी का थांबावी? बेळगाव आणि चिक्कोडी, दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतल्या मराठी शिक्षकांना एकत्र बसवून प्रत्येकाकडून एकेक धडा करून घेतला, तरी सुरुवात होईल.