बदललंय तेवढंच लिहा

माझ्या वयाच्या कुठल्याही इंजिनिअरला विचारा, टर्बो सीमध्ये प्रोग्रामच्या सुरुवातीला काय लिहायचास? उत्तर येईल, सीएलआरएससीआर. म्हणजे क्लिअर स्क्रीन. दोन आकड्यांची बेरीज असो की चांदण्यांचा पिरॅमिड, आधी स्क्रीन पुसायची. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. त्याच हेडर फाइलमध्ये 'गोटूएक्सवाय' नावाचं फंक्शन होतं, कर्सरला हव्या त्या जागी नेऊन ठेवणारं. आमच्या जर्नलात ते कधी आलंच नाही.

माझं भांडण या सवयीशी आहे. कारण ती कॉलेजात राहिली नाही, आमच्याबरोबर नोकरीला लागली.

टर्मिनल म्हणजे ती काळी खिडकी, जिच्यात फक्त अक्षरं दिसतात. सर्व्हर सांभाळणारी माणसं आजही दिवसाचा मोठा भाग तिच्यासमोर काढतात. कुठली प्रोसेस किती मेमरी खातेय, काम किती टक्के झालं, असली माहिती तिथे सतत बदलत असते. आणि हल्लीचे कितीतरी प्रोग्राम एक आकडा बदलला की अख्खी स्क्रीन पुसतात आणि पहिल्यापासून लिहितात. भिंतीचा एक पोपडा निघाला म्हणून सगळं घर रंगवायला काढावं, तसं.

यावरचा उपाय माझ्या जन्माच्याही आधीचा आहे. १९७६च्या सुमारास बर्कलीत बिल जॉय 'व्हीआय' हा एडिटर लिहीत होते, तेव्हा त्यांच्याकडे ३०० बॉडचा मोडेम होता. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. स्क्रीन २४ ओळींची, ओळीत ८० अक्षरं, एकूण १९२०. भरलेली स्क्रीन पुन्हा लिहायची तर ६४ सेकंद थांबा. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी मिनिटभर कोण थांबेल? म्हणून कर्सर कमीत कमी खर्चात हलवायची युक्ती त्या एडिटरमध्ये आली. पुढे केन अर्नोल्ड यांनी तीच वापरून 'कर्सेस' ही लायब्ररी केली.

कर्सेसचं तत्त्व शाळकरी पोरालाही कळेल. ती दोन चित्रं जवळ ठेवते. एक, समोरच्या स्क्रीनवर आत्ता काय आहे. दुसरं, काय असायला हवं. तुम्ही 'रिफ्रेश' म्हणालात की ती दोन्ही ताडून बघते आणि फक्त फरक पाठवते. १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलवर बाराव्या ओळीतल्या चाळिसाव्या जागी जायला ८ बाइट लागतात, नवा आकडा लिहायला १. नऊ बाइटमध्ये काम झालं. सगळं पुन्हा लिहिलं असतं तर १९२०.

'अरे, ते मोडेमचे दिवस गेले,' असं मला हमखास ऐकवलं जातं. ठीक आहे, आजचा हिशेब करू. मोठ्या खिडकीत ५० ओळी आणि २०० रकाने, म्हणजे १०,००० जागा. आता रंग आले. एका अक्षराचा रंग सांगायलाच १९ बाइटपर्यंत लागतात, अक्षर धरून २०. प्रत्येक अक्षराला वेगळा रंग दिला आणि सेकंदाला दहा वेळा सगळं नव्याने लिहिलं, तर सेकंदाला २० लाख बाइट. तुमचा दिवसाचा दीड जीबीचा पॅक साडेबारा मिनिटांत संपेल, तोही अक्षरं बघण्यात! हे टोक झालं, मान्य. पण नेटवर्क वेगवान झालं तसा आमचा खर्चिकपणाही वाढला, हे त्यात दिसतं.

आणि नेटवर्क वेगवान कुणाचं? गेल्या पावसाळ्यात कोकणात गावी असताना मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून एक सर्व्हर बघायची वेळ आली. तिथलं टूल दर क्षणाला स्क्रीन पुसत होतं. नवी स्क्रीन अर्धी येते तोवर तीही पुसली जायची. हवा होता फक्त एक आकडा, आणि तोच वाचता येईना. ज्यांनी ते लिहिलं, त्यांच्या ऑफिसात ते झकास चालत असणार.

दुसरा युक्तिवाद पैशाचा असतो. इंजिनिअरचा वेळ महाग, मशीनचा स्वस्त. यात तिसरा माणूस हिशेबातच नाही, तो म्हणजे वापरणारा. लुकलुकणाऱ्या स्क्रीनने डोळे त्याचे दुखतात. माउसने निवडलेली ओळ कॉपी करण्याआधी निसटते ती त्याची. आणि स्क्रीन रीडरवर ऐकून काम करणाऱ्या अंध प्रोग्रामरचा विचार करा. काही न बदलता सगळं पुन्हा लिहिलं, की तेच ते पुन्हा कानावर आदळू शकतं. शिवाय इंजिनिअरचा वेळ तरी कुठे वाचला? कर्सेसची आजची आवृत्ती, 'एनकर्सेस', फुकट मिळते. फरक काढायचं काम ती करते, तुम्हाला फक्त ती वापरायची आहे.

हा विचार जुनाटही नाही. २०१२मध्ये एमआयटीत झालेलं 'मॉश' खराब नेटवर्कवर याच्याच जोरावर टिकतं. मधल्या स्क्रीन सोडून देतं आणि शेवटच्या स्थितीपर्यंतचा फरक तेवढा पाठवतं. वेबवाले ज्या 'रिअ‍ॅक्ट'चं कौतुक करतात, तेही जुनं आणि नवं चित्र ताडूनच बदल करतं. ब्राउझरमध्ये ज्याला हुशारी म्हणता, ती टर्मिनलमध्ये फालतू कशी?

कधी कधी अख्खी स्क्रीन नव्याने लिहावी लागते. खिडकीचा आकार बदलला, मध्येच कुठला तरी मेसेज येऊन घाण झाली, तर लागतेच. त्यासाठी बहुतेक जुन्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-एल आहे. पण ते बटण वापरणाऱ्याने दाबायचं असतं. त्याच्या वतीने सेकंदाला दहा वेळा तुम्ही दाबायचं नसतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजून बघा. लिनक्सवर 'स्क्रिप्ट' नावाची कमांड आहे. स्क्रीनकडे जाणारा प्रत्येक बाइट ती फाइलमध्ये उतरवते. तुमचा प्रोग्राम तिच्यात मिनिटभर चालवा, कुठल्याही बटणाला हात न लावता. मग फाइल किती मोठी झाली ते बघा. स्क्रीनवर काहीच बदललं नसताना ती फुगली असेल, तर तेवढे बाइट तुम्ही कुणाच्या तरी डेटा पॅकमधून उगाच उडवलेत. पुढची आवृत्ती काढण्याआधी तेवढं दुरुस्त करा.