सिकलसेलग्रस्तांच्या आप्तेष्टांनो, उठा!

गडचिरोलीच्या अरण्यातील, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदियाच्या वस्त्यांतील, नंदुरबारच्या सातपुड्यातील तरुण बंधूंनो आणि भगिनींनो, हे आवाहन तुम्हांला आहे. ज्यांच्या घरात सिकलसेलचा रुग्ण आहे त्यांना तर ते आहेच. परंतु ज्यांच्या चुलत्याच्या, मामाच्या, मावशीच्या घरात तो आहे आणि ‘त्यांचे त्यांनी पाहावे’ म्हणून ज्यांनी आजवर पाठ फिरवली, त्यांना ते अधिक आहे.

काय चालले आहे आपल्या घराघरांत? मध्यरात्री लेकरू विव्हळत उठते. गुडघे, कोपर, पाठ, कंबर, कुठे हात लावू देत नाही. आई चूल पेटवते, तव्यावर मीठ तापवते, ते फडक्यात बांधते आणि एकेक सांधा शेकत पहाटेपर्यंत बसून राहते. उजाडले की पहिली एसटी धरून ती तालुक्याला जाते. त्या दिवशीची तिची मजुरी बुडते, पुढच्या दिवशीचीही बुडते. भाऊबंदांची पाच घरे त्याच गल्लीत असतात. त्यांतले किती जण त्या एसटीत तिच्या शेजारी बसतात?

आणि त्या लेकराच्या पदरी काय पडते? डोळे पिवळे दिसले की कावीळ झाली म्हणून पाला पाजला जातो. कुठे अंगारा लावला जातो, कुठे कोवळ्या पोटावर तापल्या सळईचे डाग दिले जातात. कवायतीत धाप लागली तर शाळेत ते कामचुकार ठरते. आज रडले आणि चार दिवसांनी खेळताना दिसले तर घरचेच म्हणतात, सोंग करते. अरे, वेदना सोसणाऱ्याला वेदनेचा पुरावा मागणे यासारखे क्रौर्य कोणते?

याहून घोर अन्याय घरच्या सुनेवर होतो. मूल सिकलसेलचे निघाले की बोट तिच्याकडे जाते. तिच्याच माहेरचे दूषित रक्त घरात आले, असे सासू म्हणते, शेजारीण म्हणते आणि नवरा खाली मान घालून ऐकतो. वस्तुस्थिती काय आहे? मुलाला हा आजार होतो तो आई आणि बाप या दोघांकडूनही त्याचा दोषयुक्त जनुक आल्यावरच. दोघेही वाहक असतील, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘एएस’ म्हणतात ते असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची 25 टक्के असते. बापाचा वाटा आईइतकाच आहे. मग माहेरी धाडायची ती एकटीलाच का? हा कोणता न्याय?

हे पाप नव्हे, शाप नव्हे, गतजन्मीचे कर्मफल तर नव्हेच नव्हे. आपल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात, सूक्ष्म केशवाहिन्यांतून सहज सरकतात आणि सुमारे 120 दिवस जगतात. सिकलसेलमध्ये त्यांना प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात, केशवाहिन्यांत अडकतात. तिथेच ती जीवघेणी कळ उठते. अशी पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होते, म्हणून रक्त सतत घटत राहते. अमेरिकेत 1910 साली जेम्स हेरिक यांनी या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. 1949 साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मूळ दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे.

आणि हा जनुक आपल्याच लोकांत एवढा का आढळतो? कारण जिथे हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारली, तिथे या जनुकाच्या वाहकांना घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळाले आणि ते तगले. तुमचे पूर्वज मृत्यूशी झुंजून जगले, त्या झुंजीची ही खूण आहे. तिची लाज कसली बाळगता? लाज वाटायला हवी ती अज्ञानाची. लाज वाटायला हवी ती रुग्णाला एकटे टाकण्याची!

राज्यकर्त्यांना हा आजार ठाऊक नाही असे नव्हे. 1952 सालीच निलगिरीच्या आदिवासींमधील सिकलसेलची नोंद शास्त्रीय वाङ्मयात झाली. देशव्यापी सिकलसेल निर्मूलन अभियान मात्र 1 जुलै 2023 रोजी, मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट. मधल्या सात दशकांत जी लेकरे निदानावाचून गेली, ती कोणाची होती? आदिवासींची होती, दलितांची होती, शेतमजुरांची होती. ज्यांचा आवाज मुंबई-दिल्लीला पोहोचत नाही, त्यांची होती. म्हणूनच एवढा विलंब समाजाला खपला.

आज कायदा आपल्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलची गणना दिव्यांगत्वात केली आहे. या रुग्णांना रक्त विनाशुल्क द्यावे, हे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचे धोरण आहे. तरीही रक्तपेढीच्या खिडकीवर ‘आधी बदली रक्तदाता आणा’ हे शब्द एखाद्या मजूर बापाला ऐकावे लागतात, आणि तो अनोळखी शहरात, भर उन्हात, कोणाच्या तरी पाया पडण्यासाठी बाहेर येतो. हक्काची वस्तू भीक म्हणून मागावी लागते, ती मागणारा एकटा असतो म्हणून. त्याच्यामागे वीस तरुण उभे असते, तर ती खिडकी असे बोलली असती काय?

म्हणून तरुणांनो, आता कर्तव्याकडे वळा. पहिले कर्तव्य घरात आहे. रुग्णाला भरपूर पाणी पाजा. कडक ऊन, थंडी, अतिश्रम यांपासून त्याला जपा. दुखऱ्या सांध्याला ऊब द्या, बर्फ लावू नका. फॉलिक ॲसिडची गोळी चुकू देऊ नका. डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया दिले असेल तर बरे वाटते म्हणून ते मध्येच बंद करू नका. वेदनेचे झटके कमी करणारे ते सिद्ध झालेले औषध आहे. ताप चढला, छातीत दुखले, श्वास लागला, एक बाजू लुळी पडली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी काढा. आणि ही सेवा आईच्या एकटीच्या माथी मारू नका. आज काकाने सोबत जावे, उद्या चुलतभावाने, परवा आत्याने. पाळी लावा!

दुसरे कर्तव्य रक्ताचे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि वैद्यकीय तपासणीत पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाने नेमाने रक्तदान करावे. आपल्या गावच्या रुग्णासाठी कोणत्याही बापाला रस्त्यावर हात जोडावे लागणार नाहीत, एवढी प्रतिज्ञा एका गावाने करणे अशक्य आहे काय?

तिसरे कर्तव्य तपासणीचे. लग्न ठरवताना गुण आणि पत्रिका जुळवण्याआधी दोघांचे रक्त तपासा. वाहक असणे हा रोग नव्हे. वाहकाचा विवाह निरोगी जोडीदाराशी झाला, तर मूल या आजाराचे रुग्ण होत नाही. म्हणून एएस मुलीला नाकारू नका आणि एएस मुलाने ते लपवू नये. दोघेही वाहक असतील, तर गरोदरपणाच्या सुरुवातीलाच तज्ज्ञाचा सल्ला घ्या.

चौथे कर्तव्य संघटनेचे. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हायड्रॉक्सीयुरिया आहे की नाही, तपासणी होते की नाही, दिव्यांग प्रमाणपत्र मिळते की हेलपाटे मिळतात, हे प्रश्न ग्रामसभेत विचारा. तोंडी विचारू नका, ठराव करून विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.

सेवा म्हणजे चार भिंतींतले बायकांचे काम, असे ज्यांना वाटते त्यांनी सावित्रीबाईंचे स्मरण करावे. 1897 च्या प्लेगात, लोक आपल्याच घरातील रुग्णांना सोडून पळत असताना, ती माउली परक्याचे पोर पाठीवर घेऊन दवाखान्याकडे धावली आणि त्याच साथीत 10 मार्च रोजी तिने देह ठेवला. तिने परक्यासाठी प्राण दिले. तुमच्यापाशी तुमच्याच माणसासाठी एक दिवस मागितला जात आहे. तोही देणार नाही काय?

उठा! या आठवड्यात स्वतःची सिकलसेल तपासणी करून घ्या, जवळच्या रक्तपेढीत रक्तदाता म्हणून नाव नोंदवा, आणि तुमच्या नात्यातील रुग्णाच्या दारी जाऊन सांगा, की पुढच्या खेपेला दवाखान्यात मी सोबत येणार आहे. आणि मग शब्द पाळा.