विंचवाचं बिऱ्हाड

बालमित्रांनो, मागच्या अंकात आपण पाठ्यपुस्तकातल्या त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाची, म्हणजे क्यूआर कोडची गोष्ट पाहिली. ती वाचून नांदूरघाटच्या आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "बाई, मोबाईल धरला की व्हिडिओ लागतो, पण तो असतो कुठं? मोबाईलमध्ये तर नसतो!" प्रश्न लाखमोलाचा आहे. आज त्याच्याच मागे लागू या.

बालभारतीच्या पुस्तकातला कोड आपल्याला 'दीक्षा' नावाच्या सरकारी व्यवस्थेकडे नेतो. ही दीक्षा ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी सुरू झाली. तिचे धडे, चित्रफिती, प्रश्न हे सगळं दूर कुठल्यातरी इमारतीत रात्रंदिवस चालणाऱ्या मोठ्या संगणकांवर असतं. अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात. आणि दीक्षा ज्या सॉफ्टवेअरवर उभी आहे त्याचं नाव आहे 'सनबर्ड'. एकस्टेप फाउंडेशन या बंगळुरूच्या संस्थेने ते तयार केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं.

आता गंमत अशी, की सनबर्ड म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे. कोड ओळखणारा एक, धडा शोधून देणारा दुसरा, कोण काय शिकलं याची नोंद ठेवणारा तिसरा, अशी ती टोळीच आहे. आणि प्रत्येकाची खोड वेगळी. एकाला मदतनीस म्हणून एखाद्या प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती लागते, शेजारच्याला त्याचीच नवी. दोघांना एका संगणकावर नांदवायचं म्हणजे भांडण ठरलेलं. शिवाय आज इथे नीट चाललेला प्रोग्रॅम उद्या दुसऱ्या संगणकावर नेला की हटकून अडतो, कारण तिथे त्याचं काहीतरी सामान नसतंच.

यावरचा उपाय आपल्या बीड जिल्ह्यातल्या मुलांना शिकवावा लागणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला टोळ्या निघतात, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत काय काय चढतं आठवा पाहू. कोयते, तवा, परात, पिठाचा डबा, चटणी-मीठ, अंथरूण-पांघरूण, कोपीचं सामान. कारखाना सांगलीचा असो की कर्नाटकातला, उतरलं की तासाभरात चूल पेटते. तिथल्या कुणाकडे तवा मागायला जावं लागत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच.

कंटेनर म्हणजे प्रोग्रॅमचं असं बिऱ्हाड. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एकत्र बांधायचं, आणि कोणत्याही लिनक्स संगणकावर नेऊन उतरवायचं. हे नाव घेतलं ते मालाच्या पेट्यांवरून. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेतल्या नेवार्क बंदरातून माल्कम मॅक्लीन यांच्या जहाजाने ५८ धातूच्या पेट्या नेल्या, आणि माल सुटा चढवण्याचे दिवस सरायला लागले. उरणजवळ न्हावा शेवा बंदरात गेलात तर अशा पेट्यांच्या थप्प्याच थप्प्या दिसतात. आत कापूस आहे की कांदा, याच्याशी क्रेनला काही देणंघेणं नसतं.

बिऱ्हाड हलवायची वेळ दीक्षावरही आली बरं का. २०२३ साली शिक्षण मंत्रालयाने ती ओरॅकल कंपनीच्या संगणक-केंद्रांवर नेण्याचं ठरवलं. एवढा पसारा सुटा-सुटा हलवायचा म्हटलं तर किती जीव जाईल! सामान आधीच पेट्यांत बांधलेलं असलं की काम पुष्कळ हलकं होतं.

पण एक गोष्ट मात्र ट्रॉलीत चढत नाही. जमीन आणि पाणी. ते जिथे उतरू तिथलंच वापरायचं. कंटेनरचंही तसंच. संगणकाचा जो सर्वात आतला भाग, ज्याला कर्नल म्हणतात, तो सगळ्या कंटेनरांना मिळून एकच असतो. जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं राहतात, पण पाया एक आणि विहीर एक, तसं समजा. म्हणूनच तर एका संगणकावर शेकडो कंटेनर मावतात. प्रत्येकाला वेगळा पाया खणायचा म्हटलं तर दहा-वीसच मावले असते.

वाडा एक म्हटला की दोन कटकटी येतात. पहिली, एकाने दुसऱ्याच्या खोलीत डोकावू नये. त्यासाठी लिनक्समध्ये अशी सोय आहे की प्रत्येक बिऱ्हाडाला वाटावं, अख्ख्या वाड्यात आपण एकटेच. शेजारी कोण आहे हे त्याला दिसतच नाही. दुसरी कटकट आपल्या चांगल्या ओळखीची. गावात टँकर आला आणि एकानेच पाइप लावून पिंपं भरली, तर बाकीच्यांनी काय करायचं? घरटी अमुक घागरी असा नियम लागतो. संगणकातल्या या घागरींच्या नियमाला सी-ग्रुप म्हणतात. गुगलमधले पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी हे काम २००६ मध्ये सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये ते लिनक्समध्ये आलं. त्यातला मेमरी, म्हणजे संगणकाची तात्पुरती आठवण, मोजून देणारा भाग लिहायला सुरुवात केली बलबीर सिंग यांनी. ते तेव्हा आयबीएम कंपनीत भारतातच काम करत होते. जगभरातल्या सर्व्हरांवर आज घागरी मोजल्या जातात, त्यामागे आपल्या देशात बसून केलेलं काम आहे.

त्याच वर्षी, २००८ मध्ये, हे तुकडे जोडून बिऱ्हाड बांधून देणारं एलएक्ससी नावाचं सॉफ्टवेअर आलं. २०१३ मध्ये 'डॉकर' आलं, तेही सुरुवातीला एलएक्ससीच्या खांद्यावर बसून. पुढे डॉकरने स्वतःचं इंजिन केलं आणि २०१५ मध्ये ते सगळ्यांना देऊन टाकलं. त्याचं नाव रन-सी.

पालक मंडळींना इथे एक शंका येईल. मलाही विचारतात. "बाई, फुकट वाटलेली वस्तू कितपत टिकायची? तिची काळजी कोण घेणार?" शंका रास्त आहे. सॉफ्टवेअर गंजत नाही, पण भोवतालचं जग बदलतं आणि त्यातली भोकं उघडी पडतात. वाडा बांधणाऱ्याचं नाव पाटीवर लागतं, दर पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकणाऱ्याचं कुठेच लागत नाही. हा मला तरी अन्याय वाटतो, म्हणून आज डागडुजीचीच एक गोष्ट सविस्तर सांगते.

२०१९ च्या सुरुवातीची गोष्ट. ॲडम इवानिउक आणि बोरिस पोपवाव्स्की या दोघांना रन-सीमध्ये एक भोक सापडलं. रन-सी हा बिऱ्हाडाचं दार उघडून देणारा वाड्याचा रखवालदार. दार उघडताना तो क्षणभर स्वतः खोलीत पाऊल टाकतो. तेवढ्या क्षणात आतल्या लबाड भाडेकरूने त्याला धरून त्याच्या जागी आपलाच माणूस उभा केला तर? मग पुढच्या वेळी वाड्याच्या सगळ्या किल्ल्या त्या लबाडाच्या हाती! म्हणजे एका कंटेनरमधून अख्खा संगणक ताब्यात घेता येत होता. आणि रन-सी तोवर जगभर पसरलेलं होतं.

ही बातमी लगेच गावभर केली असती तर चोरांचंच फावलं असतं. म्हणून रन-सी सांभाळणाऱ्यांनी आधी गुपचूप दुरुस्ती तयार केली, मोठमोठ्या कंपन्यांना सावध केलं, आणि मग ११ फेब्रुवारी २०१९ ला सांभाळणाऱ्यांपैकी अलेक्सा साराई यांनी ती सगळ्यांसमोर ठेवली. दुरुस्ती कशी होती ऐका. रखवालदाराने खोलीत जाण्याआधी स्वतःची एक हुबेहूब, कुणाला बदलता न येणारी प्रत करायची आणि त्या प्रतीला आत पाठवायचं. प्रतीला धरून लबाडाला काय मिळणार? शेजारच्या एलएक्ससीलाही असाच धोका निघाला, तिथलंही भोक लगेच बुजवलं. मात्र एकदा बुजवलं म्हणून सुटलं असं नाही. जानेवारी २०२४ मध्ये रन-सीत पुन्हा एक फट सापडली, एक दार उघडं राहून गेलं होतं. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा नवी आवृत्ती.

याच साराई यांचं नाव आणखी एका गोष्टीत येतं. एलएक्ससीच्या घरातलंच एलएक्सडी नावाचं एक सॉफ्टवेअर २०२३ च्या जुलैमध्ये कॅनॉनिकल कंपनीने पूर्णपणे आपल्याकडे घेतलं. बाकीच्या मंडळींना ते रुचलं नाही. आपल्याकडे भाऊ-भाऊ वेगळे झाले की शेत निम्मं-निम्मं होतं, बांधावरून कोर्टकचेरी होते. इथे तसं नाही. सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे साराई यांनी ऑगस्टमध्ये त्याची अख्खीच्या अख्खी प्रत घेतली आणि वेगळी चूल मांडली. वाटणी झाली, पण दोघांच्याही वाट्याला पूर्ण शेत! नव्या सॉफ्टवेअरचं नाव ठेवलं इनकस, वर ऐरणीसारखा सपाट माथा असलेल्या पावसाळी ढगावरून. एलएक्सडी ज्यांनी वाढवलं होतं त्यांच्यातलेही काहीजण मग तिकडे कामाला लागले.

आणि "किती दिवस टिकेल?" याचं उत्तर एलएक्ससीवाले आधीच लिहून देतात. त्यांची दीर्घ मुदतीची आवृत्ती आली की पाच वर्षं तिची डागडुजी करण्याचा शब्द असतो. पहिली फेब्रुवारी २०१४ मध्ये आली, सहावी एप्रिल २०२४ मध्ये. तिची देखभाल २०२९ पर्यंत चालायची आहे. पैसे देऊन घेतलेल्या किती वस्तूंना घरी पाच वर्षांची हमी आहे, मोजून पाहा.

ऊसतोडीला आई-वडिलांबरोबर जाणाऱ्या मुलांसाठी एक कामाची गोष्ट. क्यूआर कोडच्या खाली सहा अक्षरं-आकडे छापलेले असतात. पान भिजलं, कोड पुसट झाला, तरी ती सहा अक्षरं दीक्षा ॲपमध्ये टाकून धडा उघडता येतो. निघण्यापूर्वी गावात नेटवर्क असेल तेव्हा धडे मोबाईलवर उतरवून ठेवले, तर फडावर नेटवर्क नसलं तरी चालतात.

आता या आठवड्याचं कोडं. एका सर्व्हरमध्ये १६ जीबी मेमरी आहे. त्यातली ४ जीबी संगणकाला स्वतःसाठी लागते. प्रत्येक कंटेनरला २ जीबीची घागर ठरवून दिली, तर किती कंटेनर मावतील? आणि समजा घागरीचा नियमच काढून टाकला आणि एका हावरट कंटेनरने एकट्यानेच ९ जीबी गिळली, तर प्रत्येकी २ जीबी लागणारे आणखी किती कंटेनर चालतील? वहीवर मांडून बघा. उत्तर पुढच्या अंकात.