जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार

जुन्या, पडीक मोटारी हुडकून काढून त्यांना पुन्हा नवे रूप देण्याचा छंद आता मुंबई-पुण्याच्या श्रीमंत वस्त्यांपुरता राहिलेला नाही. जिनिंगच्या आवारात, गोठ्याच्या आडोशाला किंवा वाड्याच्या पडवीत वर्षानुवर्षे उभी असलेली एखादी अँबॅसिडर, फियाट किंवा जीप पाहण्यासाठी शहरातून माणसे खेड्यात येऊ लागली आहेत. आणि कालपर्यंत जिच्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालीत होत्या, त्या गाडीची किंमत मालक एका रात्रीत भंगाराच्या दहापट सांगू लागतो. अशा मोटारींचा जीर्णोद्धार करण्यात काही अर्थ आहे काय, हा प्रश्न त्यामुळे विचारण्याजोगा झाला आहे. आपल्या भाषेत 'अर्थ' म्हणजे पैसाही आणि अभिप्रायही. दोहोंचा हिशेब वेगवेगळा मांडल्याखेरीज उत्तर सापडणार नाही.

आधी पैसा. डेव्हिड रिकार्डो याने 1817 साली आपल्या ग्रंथात वस्तूंचे दोन वर्ग केले. बहुतेक वस्तूंचे मोल त्या निर्माण करण्यास लागणाऱ्या श्रमावर ठरते. परंतु दुर्मिळ चित्रे, पुतळे, जुनी नाणी अशा काही वस्तू कितीही श्रम केले तरी वाढवता येत नाहीत, आणि त्यांचे मोल त्यांची दुर्मिळता व घेणाऱ्यांची ऐपत आणि आवड यांवरच ठरते. मोटार ही मूळची पहिल्या वर्गातील, कारखान्यातून हजारोंनी बाहेर पडणारी वस्तू. ती दुसऱ्या वर्गात कशी जाते हे अमेरिकेत पाहावे. 1964 सालच्या पाँटिॲक जीटीओपासून तेथे 'मसल कार' नावाचा प्रकार रूढ झाला : मध्यम आकाराच्या, तरुणाच्या खिशाला परवडणाऱ्या मोटारीत पैलवानी ताकदीचे इंजिन. 1970 चा हवाशुद्धीचा कायदा, विम्याचे चढते हप्ते आणि 1973 चे तेलसंकट यांनी दहा वर्षांत हा प्रकार संपुष्टात आणला, आणि कित्येक मोटारी परसात गंजत पडल्या. त्यांतील हेमी इंजिनाची, उघड्या टपाची 1971 ची प्लिमथ बाराकुडा जेमतेम डझनभरच बनली होती. तशी एक मोटार 2014 साली लिलावात 35 लाख डॉलरना विकली गेली.

प्लिमथ आणि डॉज ही नावे आपल्याला परकी नाहीत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1947 पासून याच नावांच्या मोटारींची जुळणी होत असे. म्हणून अमेरिकेतील लिलावाची वार्ता कानी आली की येथील जुन्या प्लिमथच्या मालकाला आपल्या घरात धनाचा हंडा सापडल्यासारखे वाटते. परंतु वस्तू दुर्मिळ असणे पुरेसे नाही. ती हवी असणारे पुष्कळ असावे लागतात. आपल्याकडील प्लिमथ ही चार दरवाजांची घरगुती मोटार होती, शर्यतीचा घोडा नव्हे. मग हिशेब असा पडतो. समजा, गाडी 2 लाखांना घेतली आणि पत्रा, रंग, इंजिन, रबर, काचा यांवर 8 लाख घातले. हेच 10 लाख बँकेत 7 टक्के चक्रवाढीने ठेवले असते तर पाच वर्षांत 14 लाख झाले असते. म्हणजे गाडी 14 लाखांना विकली तरी मालकाच्या पदरात नफा शून्य. जागा, विमा आणि मिस्त्रीकडचे हेलपाटे वेगळेच. शिवाय निम्मे काम झाल्यावर 'आता एवढा घातलाच आहे, तर आणखी थोडा' या विचाराने माणूस खोलात जातो. बुडीत खर्चाकडे पाहून पुढचा खर्च करू नये हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. पण स्वतःच्या दारातल्या गाडीपुढे ही शिकवण टिकत नाही. गुंतवणूक म्हणून जुनी मोटार दुरुस्त करणे हा क्वचित अपवाद वगळता आतबट्ट्याचा व्यवहार आहे, हे येथेच स्पष्ट सांगून टाकतो.

पैशाच्याच बाजूने आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'बुलिट' या 1968 च्या चित्रपटात वापरलेली फोर्ड मस्टँग एका कुटुंबाने 1974 साली 6,000 डॉलरना घेतली, रोजच्या कामाला वापरली आणि नादुरुस्त झाल्यावर अनेक वर्षे ठेवून दिली. 2020 च्या जानेवारीत ती 34 लाख डॉलरच्या बोलीला गेली, आणि लिलावात उभी राहिली ती मूळच्या विटलेल्या रंगासह, गंजासह आणि पोच्यांसह. नवा रंग चढवला असता तर तिची साक्ष पुसली गेली असती. आपल्याकडे हेमाडपंती देवळांच्या कोरीव खांबांना ऑइलपेंट फासून त्याला जीर्णोद्धार म्हणण्याची जी रीत आहे, तिचीच आवृत्ती गॅरेजमध्येही निघते. मूळ पत्रा फेकून नवा ठोकायचा, मूळ रंग खरवडून लाल किंवा पिवळा चमकता रंग द्यायचा, आणि लग्नाच्या वरातीत ती मिरवायची.

आता अभिप्रायाकडे वळू. आपल्याकडील जुन्या मोटारींचा इतिहास अमेरिकेहून अगदी निराळा आहे. जनरल मोटर्सने 1928 साली मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली आणि 1954 मध्ये ती बंद केली, कारण केवळ सुटे भाग आणून जोडणाऱ्यांना वाव न देता येथे उत्पादन करणाऱ्यांनाच संधी देण्याचे धोरण देशाने स्वीकारले होते. पुढे आयात दुर्घट झाली. परदेशी वकिलातींनी वापरलेल्या मोटारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावातून घेण्यासाठी नटमंडळींत चढाओढ असे, आणि 'इंपाला' हा शब्द श्रीमंतीचा पर्याय झाला. सामान्य मालकाला मात्र सुटे भाग मिळत नव्हते आणि पेट्रोल परवडत नव्हते. मग मिस्त्री मंडळींनी लेथवर भाग कातले, एका गाडीचा गिअरबॉक्स दुसरीला बसवला, आणि असंख्य अमेरिकन मोटारींच्या व जीपगाड्यांच्या पोटात डिझेल इंजिने घातली. शुद्धतेचा आग्रह धरणारा संग्राहक याला भ्रष्टाकार म्हणेल. माझ्या मते टंचाईच्या अर्थव्यवस्थेचा इतका बोलका दस्तऐवज दुसरा नाही. नियोजन मंडळाच्या अहवालांत जे आकड्यांनी सांगितले आहे, ते अशा एका गाडीचे बॉनेट उघडले की डोळ्यांनी दिसते.

आमच्या कुंभार पिंपळगावच्या बाजूला म्हणजे घनसावंगी तालुक्यात मस्टँग सापडणार नाही. सापडली तर जीप सापडेल. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे काम जालना जिल्ह्यातून पुढे परभणीकडे सरकत होते, तेव्हा पाटबंधारे खात्याचे अभियंते जीपमधूनच शिवारात उतरत. पुढे अशी शासकीय जीप निर्लेखित होऊन लिलावात निघे. एखादा बागाईतदार ती घेई, आणि तिच्यातून खतांची पोती, आजारी माणसे आणि निवडणुकीचे कार्यकर्ते सारख्याच निष्ठेने वाहिले जात. या गाडीवर कोणत्याही लिलावगृहाची नजर नाही.

कायद्याचीही नाही. केंद्र शासनाने 2021 साली ऐतिहासिक मोटारींसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली मोटार 20,000 रुपये शुल्क भरून नोंदवता येते आणि पुनर्नोंदणीस 5,000 रुपये पडतात. रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, शर्यतवजा फेरी, दुरुस्ती व इंधन यांपुरती मुभा आहे. यात गैर काही नाही. परंतु अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, आणि चॅसी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे ज्या मिस्त्रीने डिझेल इंजिन घालून गाडी चाळीस वर्षे जिवंत ठेवली, त्याच्या त्या कामामुळेच ती अपात्र ठरते. आणि जी संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये आच्छादनाखाली झोपून राहिली, ती पात्र ठरते. दुसरीकडे वीस वर्षांहून जुन्या साध्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क 2025 च्या ऑगस्टमध्ये 10,000 रुपये झाले. आणि 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या शासकीय वाहनांची नोंदणी रद्द होऊन ती मोडीत काढावी लागतात. याचा सरळ अर्थ असा की काही विशेष वाहने वगळता शासनाची एकही जीप यापुढे पन्नाशी गाठणार नाही. पन्नास वर्षांच्या गाडीचा गौरव करणारे आणि पंधराव्या वर्षी तिला भट्टीत पाठवणारे खाते एकच आहे.

कोणी म्हणेल, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात मोडक्या गाड्यांची चिंता कशाला? जुनी इंजिने धूर ओकतात, तेल पितात. त्यांचे पोलाद करावे हेच शहाणपण. हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. जालन्याचा पोलाद उद्योग भंगार वितळवूनच उभा राहिला आहे, आणि शंभर गंजक्या जीपगाड्यांतील नव्व्याण्णवांच्या सळया होऊन त्यांतून घरे बांधली गेली तर अश्रू ढाळण्याचे कारण नाही. वाद आहे तो राहिलेल्या एकीचा.

त्या एकीची निवड आजवर कोणी केली, हे पाहावे. हैदराबादेत चौमहल्ला राजवाड्यात निजामाची 1912 ची पिवळी रोल्स-रॉइस ठेवलेली आहे. ती फार थोडी चालली आणि पुढे दुरुस्त होऊन लोकांसमोर आली. ज्या खजिन्यातून ती घेतली गेली त्यात आपल्या मराठवाड्याचा शेतसाराही होता, तेव्हा ती पाहण्याचा आपला हक्क थोडा जास्तच आहे असे मी विद्यार्थ्यांना गमतीने सांगतो. अहिल्यानगरला लष्कराने 1994 साली रणगाड्यांचे संग्रहालय केले. ते आवर्जून पाहावे असे आहे. राजाची गाडी राहिली, सेनेची राहिली. श्रमिकाच्या गाडीसाठी मात्र अर्जविनंत्या कराव्या लागतात. मुंबईत प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपताच 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. निदान एक तरी टॅक्सी जतन करा, ही मागणी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेला करावी लागली.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक जिल्ह्यात मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवणारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था असते. निर्लेखित होणाऱ्या शासकीय वाहनांपैकी एक जीप पंधरा वर्षांच्या नियमातून शिक्षणासाठी वगळून अशा संस्थेला द्यावी. गावोगावचे वयोवृद्ध मिस्त्री आज साठी-सत्तरीत आहेत; त्यांतील एक-दोघांना मानधन देऊन बोलवावे, आणि लेथवर बुश कसा कातावा, पत्र्याचा पोचा भट्टीशिवाय कसा काढावा हे मुलांनी त्यांच्या हाताखाली शिकावे. संगणकाने दोष दाखवणाऱ्या नव्या गाड्यांवर हे शिक्षण मिळत नाही. नोंदणीच्या नियमात 'मूळ स्वरूपातील' या वर्गाबरोबर 'कामासाठी बदललेली' असा दुसरा वर्ग करावा. त्यासाठी अधिसूचनेत एक पोटकलम पुरे.

आणि ज्यांच्या दारात अशी एखादी गाडी उभी आहे, त्यांनी गिऱ्हाईक येण्यापूर्वी चार कामे करावीत. नोंदणीपुस्तक शोधावे. चॅसीवरचा आणि इंजिनावरचा क्रमांक चिंधीने पुसून कागदावर उतरवून घ्यावा. गाडी जमिनीपासून उचलून विटांवर ठेवावी आणि वरून पत्रा टाकावा. दारावर खात्याचे नाव रंगवलेले असेल, तर ते तसेच राहू द्यावे.