प्रतिकारशक्ती ‘वाढवा’, पण कुठे?

करोनाच्या साथीत औषधाच्या दुकानापासून किराणा दुकानापर्यंत एकच सल्ला ऐकू येत होता: प्रतिकारशक्ती वाढवा. साथ ओसरली, सल्ला मात्र घराघरांत मुक्कामाला राहिला. त्यामागचा युक्तिवाद आधी नीट मांडायला हवा. रोगजंतू हल्ला करतात, शरीर लढतं. लढण्याचं बळ जितकं जास्त, तितका माणूस सुरक्षित. यात तथ्य नाही असं नाही. कुपोषित मूल गोवराने दगावतं, उपचार न मिळालेला एचआयव्हीबाधित माणूस क्षयाला बळी पडतो, ते हे बळ खचल्यामुळेच. तिथे ते भरून काढायलाच हवं. पण धडधाकट माणसानेही ते सरसकट वाढवत न्यावं, हे अनुमान मला साफ अमान्य आहे.

फॉक्सपी-३ या जनुकात बिघाड घेऊन जन्मलेल्या मुलग्यांकडे पाहा. त्यांच्या टी पेशी दुबळ्या नसतात, बेलगाम असतात. तान्ह्या वयात मधुमेह होतो, जुलाब थांबत नाहीत, अंगावर इसब उठतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यातली बहुतेक मुलं लहानपणीच जातात. इतर पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशी जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिल्या. मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये या जनुकाचा छडा लावला. २०२५ चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं, ते लढण्याच्या नव्हे, आवरण्याच्या शोधासाठी. आणि करोनातच काय दिसलं? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारं डेक्सामेथासोन हे प्रतिकारशक्तीला लगाम घालणारंच औषध आहे.

हा लगामही सगळीकडे एकसारखा नसतो. फुप्फुसातल्या वायुकोशाची भिंत इतकी पातळ, की तिथे सूज आली तर श्वासच कोंडतो. म्हणून तिथल्या भक्षक पेशी रोजची धूळ गाजावाजा न करता गिळून टाकतात आणि शेजारच्या टी पेशींनाही शांत ठेवतात. आतड्याच्या अस्तरातल्या भक्षक पेशी जंतूंना मारतात, पण सुजेचे संदेश मात्र जवळपास सोडत नाहीत. तसे सोडले असते तर प्रत्येक जेवणानंतर आतडं पेटलं असतं. सर्वांत विलक्षण गोष्ट गर्भाशयाची. ‘नॅचरल किलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेशी रक्तात विषाणूबाधित पेशींचा जीव घेतात. त्यांच्याच कुळातल्या पेशी गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत गर्भाशयाच्या अस्तरात दाटीने जमतात आणि वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावायला मदत करतात. गर्भात निम्मा वारसा बापाचा, म्हणजे आईच्या शरीराला परका. तरीही त्या त्याला मारत नाहीत, त्याच्या पोषणाची वाट मोकळी करतात. आता यांची ‘शक्ती वाढवायची’ म्हणजे नेमकं काय करायचं?

यावर कोणी म्हणेल, रक्त तपासून पेशी मोजा, कमी असतील तर वाढवा. पण शरीरातल्या लिंफोसाइट पेशींपैकी जेमतेम दोन टक्के रक्तात असतात. बाकीच्या प्लीहा, लसिका ग्रंथी, आतडं, त्वचा अशा ठिकाणी वस्तीला असतात. निव्वळ रक्तावर विसंबण्याची किंमत मार्च २००६ मध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सहा निरोगी तरुणांनी मोजली. टीजीएन-१४१२ हे औषध नियामक पेशींना बळ देईल अशी अपेक्षा होती. काचनळीत रक्तपेशी शांत राहिल्या होत्या, माकडांनाही काही झालं नव्हतं. माकडांना सोसलेल्या मात्रेचा पाचशेवा भाग माणसांना दिला, आणि दीड तासाच्या आत डोकेदुखी, थंडी, उलट्या सुरू झाल्या; पुढे एकामागून एक अवयव निकामी होऊ लागले. सहाही जण वाचले, पण एकाला पायाची बोटं गमवावी लागली. ऊतींत मुरलेल्या, जुन्या संसर्गांची स्मृती बाळगणाऱ्या टी पेशी त्या औषधाने खवळल्या, असा उलगडा पुढे झाला.

आपल्याकडचा दाखला गुळवेलीचा. २०२० च्या अखेरीस मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी गुळवेल घेणारे सहा रुग्ण पाहिले. त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि यकृताच्या तुकड्यांत स्वयंप्रतिकाराच्या खुणा होत्या. आतड्यातून येणारं रक्त, म्हणजे अन्नातले असंख्य परके अंश, यकृत दिवसभर निमूटपणे स्वीकारत असतं. नेमका तिथलाच संयम ढळलेला दिसत होता. वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, याची तपासणी झाली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त आहे. सहा रुग्णांवरून गुळवेलीला दोषी ठरवू नये, हेही मला मान्य. पण बाटलीत नेमकी कोणती वेल आहे हे डॉक्टरांनाही ठरवता येत नसेल, तर ती रोज घ्या असं सांगण्याचा अधिकार विक्रेत्याला कुठून मिळतो? आमवात, थायरॉइड किंवा ल्युपससारखा स्वयंप्रतिकाराचा आजार असलेली बाई शेजारणीच्या आग्रहाखातर असा काढा घेते, तेव्हा आधीच अनावर झालेल्या पेशींना आणखी डिवचण्याचा धोका ती नकळत पत्करत असते. अशा प्रत्येक बाटलीवर, ठळक मराठीत, हा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, एवढी सूचना कायद्याने बंधनकारक व्हायलाच हवी.