साडेआठ पैशांचा रुपया

माझे आजोळ इंदूरचे, तुकोगंजातले. सर सेठ हुकुमचंदांचे इंद्रभवन तिथलेच. लहानपणी आजोबा ते बाहेरूनच दाखवीत आणि म्हणत, "बघ, हा सगळा सुताचा महाल!" ते स्वतः इंदूरच्याच एका गिरणीत साचेखात्यात होते. कोणत्या, ते महत्त्वाचे नाही. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी, सगळ्यांची गत शेवटी एकच झाली.

आजीच्या आठवणींत पगार नाही, भोंगा आहे. पहिल्या भोंग्याला चूल, दुसऱ्याला डबा. आणि अनंत चतुर्दशीची ती रात्र! गिरणीगिरणीच्या झांक्या, हलते देखावे, दिव्यांचा लखलखाट. आजोबांच्या खांद्यावर बसून आईने त्या पाहिल्या. गिरण्या बुडाल्या तरी कामगारांनी वर्गणी काढून झांक्या चालू ठेवल्या. इंदूरकर याचे कौतुक करतात, करावेच. पण ज्याचा पगार थकला आहे त्यानेच वर्गणी द्यावी, यात आपल्याला काहीच खटकू नये?

हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या देण्याचा सुमारे २२४ कोटींचा धनादेश निघाला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, ४,८०० कामगारांसाठी. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. भागाकार केल्यावाचून राहवेना. सरासरी पावणेपाच लाखांनाही थोडे कमी. आठ टक्के चक्रवाढीने एका रुपयाचे ३२ वर्षांत पावणेबारा रुपये होतात. उलट हिशेब केला तर बत्तीस वर्षे उशिरा हातात पडलेला रुपया साडेआठ पैशांचा!

कामगारांचे देणे तारणवाल्या धनकोंच्या बरोबरीने द्यावे, असे कलम १९८५ मध्येच कंपनी कायद्यात आले. आम्ही ते परीक्षेपुरते पाठ करतो. बरोबरीने द्यावे हे खरे, पण केव्हा? २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने मुदती घातल्या, हे चांगलेच झाले. मात्र तिथे बरोबरीचा हक्क लिक्विडेशनच्या आधीच्या २४ महिन्यांच्या देण्यापुरताच.

आजोबांच्या गिरणीचे पैसे आले तेव्हा आजोबा नव्हते. आजीने अंगठा दिला आणि आधी झांकीची राहिलेली वर्गणी पाठवली. मला राग आला होता. आता तो तिच्यावर नाही.

माझे म्हणणे एवढेच, की उशिराचे व्याज गिरणीच्या जमिनीतून पहिल्यांदा वसूल व्हावे. हुकुमचंद मिलची जमीन चाळीस एकरांहून अधिक, तीही भर शहरात. या बत्तीस वर्षांत तिचा भाव काही थांबून राहिला नव्हता.